तपासणी पास, काम झकास

वस्तीत विकासाचं काम करताय म्हणजे कधी ना कधी तपासणी येणार. घाबरू नका. कागद चोख असले की कामाकडे कुणी बघत नाही.

समजा, नवी मुंबईतल्या तुर्भे स्टोअर वस्तीत शिवणवर्ग काढायचाय. मशिनी सावकाश येतील, आधी पाटी लावा. देणगीदार कंपनीचं नाव रिक्षातून वाचता आलं पाहिजे. पाहुणे बेलापूरहून एसी गाडीतून अर्ध्या तासासाठी येतात, त्यातला निम्मा वेळ शाल-श्रीफळात जातो. उरलेल्या वेळात सगळ्या मशिनींवर बायका बसलेल्या दिसल्या की झालं. सुईत दोरा आहे का, हे वाकून बघणारा पाहुणा अजून जन्मायचाय. फोटो जिओटॅगवालाच काढा. जागा खरी, तारीख खरी. बाई दुसऱ्या दिवशी वर्गाला आली का, ते फोटोत येत नाही.

आता लाभार्थी. दिघ्याचा एकच पोरगा आरोग्य शिबिरात वजनकाट्यावर उभा राहिला, वह्यावाटपात रांगेत आला, वृक्षारोपणाला रोप धरून हसला: झाले तीन. त्याला घ्यायला आई आली असेल तर तिच्यासाठी ‘अप्रत्यक्ष लाभार्थी’ हा रकाना आहेच.

मोठ्या कंपन्यांच्या सीएसआरमध्ये, म्हणजे कायद्याने समाजकामावर करायच्या खर्चात, जरा जपून. ज्यांच्यावर वर्षाला सरासरी १० कोटी किंवा जास्त खर्चाचं बंधन, त्यांना १ कोटी आणि त्यावरच्या प्रकल्पांचं त्रयस्थ संस्थेकडून परिणाम-मूल्यमापन करून घ्यावं लागतं, तेही प्रकल्प संपून वर्ष उलटल्यावर. म्हणजे पाटीचा रंगसुद्धा उडालेला असताना! तेव्हा प्रकल्प ९५ लाखांतच बसवा. पुढचं काम ‘टप्पा दोन’. धर्मादाय कार्यालयात ऑडिट झालेले हिशेब मात्र वेळेवर भरा, त्यात सुईदोऱ्याचा रकाना नसतो.

खरा धोका वेगळाच. राजस्थानात १९९४ साली मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनावणी भरवून सरकारी कामांचे हजेरीपट भर गावात मोठ्याने वाचले. ज्यांची नावं, तीच माणसं समोर बसलेली! असलं खूळ आपल्याकडे येऊ देऊ नका. अहवाल इंग्रजीतच काढा, गुळगुळीत कागदावर, आणि वस्तीत चुकूनही प्रत ठेवू नका.

तरीही एखादी ताई उठून ‘दादा, मशिनी कुठं गेल्या?’ म्हणालीच, तर वाद घालू नका. चहा द्या, वहीत सही घ्या. ‘तक्रार निवारण प्रशिक्षण’ या सदरात एक लाभार्थी वाढली.