ओर्कांच्या घसरणीचे राहून गेलेले कारण

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्य आणि कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया यांच्या किनाऱ्यालगतच्या ‘दक्षिणी निवासी’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या ओर्कांची (किलर व्हेल) संख्या 75 च्या आसपास का अडकली आहे, याची चिनूक सामन माशांची टंचाई, जहाजांचा गोंगाट आणि प्रदूषण ही तीन कारणे ओर्कांच्या घसरणीवरील तुमच्या लेखात नेमकेपणाने आली आहेत; अंतःप्रजननाचा, म्हणजे जवळच्या नात्यातच होणाऱ्या प्रजननाचा, मुद्दा मात्र राहून गेला. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात यांपैकी सुमारे 100 ओर्कांचा जीनोम (संपूर्ण जनुकसंच) तपासला गेला, तेव्हा ज्यांच्यात अंतःप्रजननाचे प्रमाण सर्वाधिक होते त्यांची चाळिशी गाठण्याची शक्यता, ते सर्वांत कमी असलेल्यांच्या निम्म्याहूनही कमी आढळली. मादीचा प्रजननकाळ साधारण दहाव्या ते चाळिसाव्या वर्षापर्यंतचा असल्याने या अकाली मृत्यूंचा फटका थेट पिल्लांच्या संख्येला बसतो. त्याच पाण्यात ‘उत्तरी निवासी’ ओर्का आणि सील खाणारे भटके ओर्काही वावरतात, पण त्यांच्याशी यांची सोयरीक जुळत नाही. त्यातच 1960 व 1970 च्या दशकांत मत्स्यालयांसाठी प्रामुख्याने तरुण ओर्काच पकडून नेले गेले, त्यामुळे प्रजननासाठी उरलेले ओर्का आणखी कमी झाले.

आम्हा सोलापूरकरांना हे दुखणे परके नाही. नान्नजच्या माळावर 1979 साली माळढोकासाठी अभयारण्य झाले, तरी आज तेथे एखादा पक्षी दिसला की त्याची बातमी होते. त्याच्याही डीएनएतील विविधता फारच कमी आढळली आहे. माळढोकाची अंडी उबवून जैसलमेरच्या केंद्रात पिल्ले वाढवता तरी येतात. ओर्कांना तो मार्ग उपलब्ध नाही, त्यामुळे उद्या सामन मुबलक झाले तरी त्यांची संख्या लगेच सावरेल, असे मला वाटत नाही.