काटा आणि उतारा : ‘माजी मुख्यसेविका’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या महिन्यात ‘सापडलेली मुलं जातात कुठे?’ हा लेख लिहिला होता. शून्य ते सहा वयाच्या दिव्यांग मुलांची सरकार तपासणी करतं, अहवाल दर महिन्याला वर जातात, पण ते मूल शेवटी कुठं पोचलं हे त्या अहवालात दिसत नाही, एवढंच त्यात म्हणणं होतं. त्याखाली ‘माजी मुख्यसेविका’ (म्हणजे अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या) या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: मुलांची तपासणी करणारं पथक वर्षातून एकदा येतं हे मी चूक लिहिलं, मी अंगणवाडी सेविकांना बदनाम केलं, आकडे वर गेले नाहीत तर पदं मंजूर कशी होणार हे मला कळत नाही, मेहुण्याकडे न्यू जर्सीला महिनाभर राहून आल्यापासून मला अमेरिकेशिवाय दुसरं काही सुचत नाही, आणि शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं देतो: ‘रकाना भरला म्हणूनच तुमची मुकी मुलगी सापडली, नाहीतर कुणाच्या लक्षातही आली नसती, तेव्हा आधी आभार माना आणि मग टीका करा.’

ताई, आधी तुमचं बरोबर आहे ते सांगतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं, अंगणवाडीत दोनदा. मी सरसकट ‘एकदा’ लिहिलं, ती माझी चूक. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. आमच्या पोरीचा दोष लक्षात आला त्या वर्षी वाडीत ते एकदाच आलं होतं, पण नियम दोनदाचा आहे आणि नियम तो नियम. झालं समाधान?

आता ‘आधी आभार माना’.

हे वाक्य मी चार दिवस डोक्यात घेऊन फिरतोय. बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली सोडून द्या. सोडून देणार होतो. पण तुम्ही ‘आपण’, ‘कृपया’, ‘सविनय’ असे शब्द पेरून जी भाषा वापरली आहे तीच भाषा मी पोरीच्या तपासणीसाठी फिरलो त्या सहा-सात महिन्यांत प्रत्येक टेबलावर ऐकली आहे. ‘आम्ही तुमच्यासाठी एवढं करतो आणि तुम्ही...’ सरकारी योजना म्हणजे कुणाच्या घरचं हळदीकुंकू नाही की वाण मिळालं म्हणून वाकून नमस्कार करावा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. त्याच्या कलम २५ मध्ये प्रत्येक मुलाची वर्षातून किमान एकदा तपासणी करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. जबाबदारी पार पाडल्याबद्दल पावती मिळते, आभार नाही. मी अठरा वर्षं एका साखर कारखान्याच्या हिशेब विभागात काम करतो. आम्ही शेतकऱ्याला बिल देतो तेव्हा तो आमचे पाय धरत नाही. धरू नये.

आणि ‘रकाना भरला म्हणून सापडली’? नाही हो. ती कशी सापडली ते सांगतो, म्हणजे हा विषय एकदाचा मिटेल.

माझी आई स्वयंपाकघरात होती. फडताळावरून स्टीलचं पातेलं फरशीवर पडलं, शेजारचा कुत्रा भुंकायला लागला, आणि आईच्या पायाशी पाठमोरी बसलेली आमची पोर वाटीत चमचा घालत तशीच बसून राहिली. मान वळली नाही. आईने दुसऱ्यांदा मुद्दाम पाडलं. मग तिसऱ्यांदा. संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा पातेल्याला पोचा पडला होता आणि आई काहीच बोलत नव्हती. दुसऱ्या दिवशी आईने अंगणवाडीतल्या ताईंना सांगितलं. त्या आल्या, पोरीच्या पाठीमागे बसल्या, खिचडीची पळी ताटावर वाजवली. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. त्यांना कुणी प्रशिक्षण दिलं होतं की नव्हतं मला माहीत नाही. अंगणवाडीसाठीचा दिव्यांग मुलांचा प्रोटोकॉल तर दिल्लीत २८ नोव्हेंबर २०२३ ला जाहीर झाला, आणि हे सगळं त्याच वर्षीच्या जूनमधलं. त्यांनी पथकाला फोन केला. जुलैत पथक आलं. पथकातल्या डॉक्टरांनी दोन मिनिटं पाहिलं, कागदावर ‘श्रवणदोष संशयित’ लिहिलं आणि जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवलं.

तो कागद मिळाला हे खरं. तो रकान्यातूनच निघाला हेही खरं. पण रकाना भरायच्या आधी एका म्हातारीने पातेलं पाडलं आणि एका सेविकेने पळी वाजवली. आभार मानायचेच असतील तर त्या दोघींचे मानतो, आणि रोज मानतो. तेव्हा मी सेविकांना बदनाम केलं हा आरोप तुम्ही माझ्याकडे पाहून तरी करू नका. २०२१ साली राज्यातल्या सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले, कारण पोषण ट्रॅकर (अंगणवाडीच्या नोंदी भरायचं सरकारी ॲप) त्यावर चालत नव्हता आणि ॲप इंग्रजीत होतं. तेव्हा त्यांच्या बाजूने याच ब्लॉगवर कुणी लिहिलं होतं? शोधा. सेविका उंबऱ्यात बसून नेटवर्कसाठी हात वर करते ते मी रोज पाहतो. तिला आणखी एक रकाना द्या असं मी कुठेही म्हटलेलं नाही.

पुढचं ऐका, कारण लेखात जे थोडक्यात लिहिलं ते तुम्ही ‘एका अनुभवावरून निष्कर्ष’ म्हणून झटकलं आहे.

केंद्रावर आम्ही पहिल्यांदा गेलो जुलैच्या शेवटी. केसपेपर काढला, नंबर लागला, आणि कळलं की श्रवणतज्ज्ञ मॅडम दिव्यांग प्रमाणपत्रांच्या कॅम्पला गेल्यात. ऑगस्टमध्ये गेलो. मॅडम होत्या. त्यांनी सांगितलं, बेरा टेस्ट (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते पाहणारी) करावी लागेल, त्यासाठी मूल गाढ झोपलेलं पाहिजे. पहाटेपासून जागं ठेवा, इथं आल्यावर झोपवू. तारीख मिळाली ऑक्टोबरची. त्या दिवशी पहाटे तीनपासून आम्ही आळीपाळीने तिला खेळवत होतो. साडेसहाची एसटी. बायको तिच्या तोंडावर बाटलीतलं पाणी शिंपडत होती, मी टाळ्या वाजवत होतो, आणि टाळ्या वाजवता वाजवता माझ्या लक्षात आलं की मी कुणासमोर टाळ्या वाजवतोय. स्टँड यायच्या दहा मिनिटं आधी ती झोपली. रुग्णालयाच्या दारात जागी झाली, टक्क. औषध देऊनही झोपली नाही. पुढची तारीख डिसेंबर. डिसेंबरात मशीन बंद. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याला खाजगीत जाऊन टेस्ट केली, फेब्रुवारीत कानाला मशीन लागलं. तेव्हा ती सव्वादोन वर्षांची होती. ऐकू न येणाऱ्या बाळाचं निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपाययोजना सहाव्या महिन्यापर्यंत व्हावी, असं या विषयातले लोक सांगतात. सहा महिने कुठे आणि सत्तावीस महिने कुठे.

आता मुख्य गोष्ट. त्यानंतर वर्षभराने पथक पुन्हा वाडीत आलं तेव्हा त्यांच्याकडच्या यादीत मी आमच्या पोरीचं नाव पाहिलं. संदर्भित (म्हणजे पुढे पाठवलं) : होय. उपचारित : होय. आणि उपचारित या शब्दापुढची तारीख होती आमच्या पहिल्या फेरीची. म्हणजे ज्या दिवशी फक्त केसपेपर निघाला आणि मॅडम कॅम्पला होत्या, त्या दिवशी माझी मुलगी सरकारदरबारी बरी झाली! त्या डॉक्टरांचा मी राग धरत नाही. ते म्हणाले, ‘तुम्ही केंद्रावर पोचलात ना, मग आमच्याकडून क्लोज.’ क्लोज हा त्यांचा शब्द.

तुम्ही म्हणता नोंदीचं महत्त्व मला कळत नाही. ताई, माझं पोट नोंदीवर आहे. कारखान्यात ऊस आला की आधी वजनकाटा. गाडी भरलेली किती, रिकामी किती, पावती. पण नुसत्या काट्याच्या नोंदीवर कारखाना चालत नाही. त्या उसातून साखर किती निघाली, उतारा किती पडला, हे रोज काढावं लागतं. चेअरमनला एखाद्या दिवशी गाड्यांचा आकडा नाही सांगितला तर चालेल, उतारा नाही सांगितला तर माझी बदली होईल. शून्य ते सहाच्या मुलांच्या बाबतीत आपल्याकडे काटा उत्तम आहे. तपासलेली मुलं किती, चार ‘डी’मध्ये सापडलेली किती, पाठवलेली किती. जन्मजात दोष, आजार, कमतरता, विकासातला विलंब; मिळून तीस अवस्था, आणि त्यांत जन्मजात बहिरेपणा नावानिशी आहे. मी कार्यक्रमाला नावं ठेवत नाही. ६ फेब्रुवारी २०१३ ला तो देशभरासाठी सुरू झाला तोच आपल्या पालघरमध्ये, याचा मलाही अभिमान आहे. प्रश्न एवढाच की उतारा कोण काढतो? मूल बोलायला लागलं का, वाचाउपचाराला किती वेळा गेलं, बालवाडीत बसतं का, हे कोणत्या अहवालात आहे?

ते कुणाच्याच अहवालात नाही, कारण ते मूल कुणा एकाचं नाही. तपासणी आरोग्य विभागाची. अंगणवाडी महिला व बालविकासची. पुढे शाळा आणि विशेष शिक्षक शिक्षण विभागाचे. दिव्यांगांचं काम पाहायला डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे, आणि तो झाला हे चांगलंच झालं. पण चार विभाग म्हणजे चार याद्या, आणि आमच्या पोरीच्या नावाचं स्पेलिंग त्यातल्या तिघांत वेगळं आहे. त्यातून कायदा बघा : २०१६ च्या कायद्यात मोफत शिक्षणाचा हक्क सहा ते अठरा वयाला आहे, शिक्षण हक्क कायदाही सहापासून. म्हणजे सहाच्या आत तपासणीची जबाबदारी आहे, शिकवण्याची तशी नाही. जी वर्षं भाषेची, नेमकी तीच. यावर तुमच्या प्रतिक्रियेत एक अक्षर नाही.

लेखात दिलेल्या अमेरिकेच्या उदाहरणाचं म्हणाल तर मेहुण्याने मला काही सांगितलं नाही. त्याला मुलंच नाहीत. तिथं १९८६ पासून तीन वर्षांखालच्या मुलांसाठी कायदेशीर कार्यक्रम आहे, आणि मूल पाठवल्यापासून ४५ दिवसांत तपासणी होऊन कुटुंबाबरोबर बसून आराखड्याची बैठक व्हावी लागते. ती मुदत किती मुलांच्या बाबतीत पाळली, हे प्रत्येक राज्याला दर फेब्रुवारीत कळवावं लागतं, आणि त्याच अहवालात मुलांचं वागणं-मिसळणं, शिकणं-बोलणं, स्वतःची गरज भागवणं यात किती फरक पडला तेही लिहावं लागतं. तिथलं केंद्र सरकार मग राज्यांना चारपैकी एका श्रेणीत बसवतं आणि ते लोकांसमोर ठेवतं. तिथं सगळं आलबेल आहे असं मी म्हटलं नव्हतं. उतारा काढता येतो, एवढंच दाखवलं होतं. तुम्हाला न्यू जर्सी दिसली.

आकड्यांशिवाय पदं मंजूर होत नाहीत, हा मुद्दा मान्य. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, इथं नको.

एक राहिलं, आणि यात मी सौजन्य वगैरे ठेवणार नाही. ‘मुकी’ हा शब्द. तुम्ही एवढी वर्षं या खात्यात काढलीत असं लिहिलंय. मग तुम्हाला माहीत असायला हवं की ऐकू न येणारं मूल मुकं नसतं, त्याला कुणी वेळेत ऐकवलं नाही तर ते बोलायचं राहून जातं. श्रवणदोष असा शब्द आहे. तुमच्याच विभागाच्या फॉर्मवर छापलेला आहे, रकान्याच्या डोक्यावर. निवृत्तीनंतर माणूस फॉर्म वाचणं सोडतो हे समजू शकतो, पण... जाऊ दे. हे जरा जास्त झालं. तरी खोडत नाही.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. ‘ब्लॉग चालवणारे फक्त वाहवा छापतात’ असं तुम्ही शेवटी लिहिलंय, त्यालाही हेच उत्तर. यादीच्या त्या पानाचा फोटो माझ्याकडे आहे, डॉक्टरांनी काढू दिला होता. बाकी मुलांची नावं झाकून पाठवू शकतो. मेलवर कळवा. तुमच्या वेळी ‘उपचारित’ हा रकाना कधी भरायचा याच्या सूचना काय होत्या, हे तुम्ही सांगितलंत तर मला खरोखर हवं आहे.