ऱ्योकानच्या बाहीतला चेंडू

नमस्कार ताई,

झेन या बौद्ध ध्यानपंथावरच्या माझ्या लेखावर तुम्ही दिलेली प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि दोन दिवस उत्तर लिहवेना. लहान मुलासारखं कुतूहलाने जगा, हे सांगणं म्हणजे पोट भरलेल्यांचे चोचले, असं तुम्ही म्हणता. सासूबाई दीड वर्ष अंथरुणाला खिळलेल्या, नोकरी सांभाळून त्यांचं सगळं करायचं, त्यात शांत बसायला दहा मिनिटं कुठून आणू? आणि हे जपानी खूळ आपल्याला हवंय कशाला?

'दहा मिनिटं शांत बसा, चिंता आपोआप गळून पडतील' हे वाक्य माझंच. ते चूक होतं. माझाही तसा अनुभव नाही, लिहिण्याच्या भरात लिहून गेलो. लेखातून ते काढून टाकलं आहे. तुमचा राग रास्त आहे.

जपानी खुळाबद्दल एवढंच, की 'झेन' हा मुळात आपलाच 'ध्यान' शब्द. चीनमध्ये त्याचं 'चान' झालं, जपानमध्ये 'झेन'.

चोचल्यांचं मात्र मला पटत नाही, आणि त्याला कारण ऱ्योकान. मुलांबरोबर चेंडू खेळणारा हसरा म्हातारा झेन भिक्षू, एवढंच मी त्याच्याबद्दल लिहिलं होतं. त्यामुळे तो तुम्हाला निवांत, सुखी जीव वाटला असणार. १७५८ साली जन्मलेला हा माणूस एचिगो प्रांतात, म्हणजे आजच्या निइगाता भागात, कुगामी डोंगरावरच्या एका झोपडीत वर्षानुवर्षं राहिला. झोपडीचं नाव गोगो-आन. 'गोगो' म्हणजे पाच मापं तांदूळ, एका माणसाचा दिवसाचा शिधा. तोही भिक्षा मागून मिळवायचा, आणि हिवाळ्यात तिकडे बर्फाने वाटाच बुजतात. गावात उतरताना त्याच्या बाहीत दोऱ्याने गुंडाळलेला चेंडू असायचा. पोरं दिसली की भिक्षापात्र बाजूला, आणि खेळता खेळता दिवस मावळायचा. त्याच मुलखात देवीच्या साथीत मुलं दगावली, तेव्हा पोर गमावलेल्या आईबापांच्या वतीने त्याने कविता लिहिल्या. १८२८ साली सान्जोच्या भूकंपात हजारावर माणसं गेली. सत्तरीच्या ऱ्योकानने तेव्हा एका मित्राला पत्र लिहिलं: संकटाची वेळ आली की संकट सोसावं, मरणाची आली की मरावं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे फार कठोर वाटलं होतं. पण चेंडू खेळणारा आणि हे लिहिणारा माणूस एकच आहे. चेंडू हातात असला की तो सगळाच्या सगळा चेंडूत, आणि दुःख समोर आलं की त्यातही तसाच, अंग न चोरता.

म्हणून वेगळी दहा मिनिटं काढायला मी तुम्हाला सांगणार नाही. माझ्या घरचं सांगतो.

बाबांना अर्धांगवायू झाल्यावर सकाळची पेज मी भरवायचो. एक डोळा वाटीवर, एक घड्याळावर, कारण आठ बाराची लोकल. त्या दिवसांत दोगेन वाचत होतो. या झेन गुरूने १२३७ साली मठातल्या स्वयंपाक्यासाठी सूचना लिहून ठेवल्या आहेत: तांदूळ स्वतःच्या हाताने, नीट लक्ष देऊन धुवावेत, एक दाणाही वाया जाऊ देऊ नये. म्हटलं, वाटी-चमच्यापुरतं तरी करून बघू. घड्याळाकडे पाठ करून बसलो. चमचा भरला, फुंकर मारली, बाबांच्या तोंडाशी नेला. त्यांनी तोंड उघडलं नाही. वाकडे झालेले ओठ कसेबसे गोल केले आणि चमच्यावर फुंकर मारली. अर्धी हवा डाव्या कोपऱ्यातून निसटली. लहानपणी मला भरवताना मारायचे, तशी.

मी धावत आत जाऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "अरे, रोजच करतात ते."

त्यानंतर बाबा चार महिने होते. आठ बाराची बरेचदा चुकली.

सासूबाईंना आता काय काय खाता येतं? सवड मिळेल तेव्हा कळवा.