खोक्यावर सगळे छापतात, कामाचे तेवढे वगळून

बर्फावरच्या, म्हणजे गोठलेल्या तळ्याला भोक पाडून करायच्या मासेमारीसाठी इनलाइन रीळ घ्यावे (ज्याचा स्पूल, म्हणजे दोरा गुंडाळलेली चकती, स्वतः फिरतो) की स्पिनिंग (ज्याचा स्पूल स्थिर राहतो आणि दोरा त्याच्या माथ्यावरून सुटतो), हा प्रश्न विचारायची आता सोयच उरलेली नाही, कारण विचारणाऱ्याला उत्तर मिळत नाही, थेट दीक्षा मिळते. एक पंथ सांगतो की इनलाइनवाचून बर्फावर पाऊल ठेवणे हा निव्वळ अडाणीपणा आहे. दुसरा सांगतो की इनलाइन हे पोरखेळाचे साधन आहे आणि खरा मासा अंगावर आला की ते हात टेकते. या दोघांपैकी एकालाही उलट विचारावेसे वाटत नाही की बाबा रे, तू किती खोल पाण्यात गळ सोडणार आहेस, तो किती वजनाचा आहे, कोणत्या माशासाठी आहे, आणि तू तंबूत हीटर लावून बसणार आहेस की उघड्यावर वाऱ्यात. या चार गोष्टी ठाऊक नसताना कोणते रीळ योग्य हे कोणालाही सांगता येणार नाही, तरीही सांगणाऱ्यांची रांग काही संपत नाही.

इनलाइनवाल्यांचे ब्रह्मवाक्य म्हणजे ‘पीळ पडत नाही’. हे वाक्य अर्धेच खरे आहे, आणि ते पुरते खरे असल्याच्या थाटात खपवले जाते, याचाच संताप येतो. पीळ ही बर्फावर मोठी अडचण आहे, यात शंका नाही. येथे गळ लांब फेकून ओढत आणायचा नसतो. तो भोकातून सरळ खाली सोडून एका जागी लोंबता ठेवायचा असतो. ब्लूगिल किंवा क्रॅपीसारखी लहान मासळी येऊन त्याच्यासमोर थांबते आणि निवांत निरखते. दोऱ्यात पीळ असेल, तर टंगस्टनचा तो जेमतेम एक ग्रॅमचा जिग, म्हणजे वजन जडवलेला गळ, गरागरा फिरतो, थांबतो आणि उलट फिरू लागतो. सोनारच्या पडद्यावर माशाची रेघ वर येते, गळापाशी थबकते आणि पुन्हा खाली निघून जाते, आणि आपण मात्र चारा बदलत, रंग बदलत बसतो.

पण हा पीळ येतो कोठून, हे कोणी नीट सांगेल तर शपथ. शिवणाच्या दोऱ्याचे रीळ उभे ठेवून त्याच्या माथ्यावरून दोरा उपसला तर तो पीळ घेत येतो, आणि तेच रीळ पेन्सिलीवर फिरते ठेवून ओढला तर सरळ येतो. स्पिनिंग आणि इनलाइन यांच्यात मूळ फरक एवढाच आहे. मात्र स्पिनिंगमध्ये दोरा सुटताना जो पीळ एका दिशेने पडतो, तो गुंडाळताना उलट दिशेने निघून जातो, म्हणजे नुसते खाली सोडणे आणि वर घेणे यांचा हिशेब शून्यावर येतो. नेमके घोडे पेंड खाते ते ड्रॅगपाशी, म्हणजे मासा जोराने ओढू लागला की दोरा तुटू नये म्हणून स्पूलला घसरू देणाऱ्या ब्रेकपाशी. मासा जोर लावून ड्रॅगमधून दोरा ओढतो तेव्हा स्पूल स्वतः फिरतो आणि दोरा बिनपिळाचा बाहेर पडतो. तोच दोरा आपण परत घेताना मात्र बेल, म्हणजे ती तारेची कमान, स्पूलभोवती प्रदक्षिणा घालत तो गुंडाळते आणि प्रत्येक प्रदक्षिणेला एक पीळ कायमचा जमा होतो. लहान स्पूलचा घेर 11 सेंटिमीटर धरला, तर माशाने ओढलेल्या 5 मीटर दोऱ्यामागे सुमारे 45 पीळ पडतात. याहून वाईट म्हणजे ड्रॅग घसरत असताना घाबरून हँडल फिरवत राहणे, कारण तेव्हा दोरा तसूभरही आत येत नाही आणि पीळ तेवढा साठत जातो.

याचा अर्थ असा की उथळ पाण्यात तळहाताएवढे मासे धरणाऱ्याचा ड्रॅग कधी सुटतच नसेल, तर त्याच्या दोऱ्यातल्या पिळाचे कारण रीळ नसून बहुधा दुसरेच काही असणार. जिगच्या डोळ्यावरची गाठ बाजूला सरकली, जिग तिरपा लोंबू लागला आणि वर घेताना पंख्यासारखा फिरला, तर तो दोरा इनलाइनवरही पिळलाच जाईल. फिरत फिरत खाली जाणारा चमचा, म्हणजे चमच्याच्या आकाराचा धातूचा गळ, बांधला, तरी तीच गत. रीळ बदलून गाठ सुधारत नाही, हे सांगायला कोणाची जीभ का रेटत नाही कळत नाही. की गाठ फुकट असते आणि रिळाला पैसे पडतात, एवढेच त्याचे कारण?

स्पिनिंगवाल्यांकडे यावर एक तयार तोडगा असतो, तो म्हणजे मध्ये भोवरकडी, म्हणजे दोन्ही टोके स्वतंत्र फिरणारी छोटी कडी, लावा. वॉलायसारख्या मोठ्या माशासाठी जड चमचा सोडणाऱ्याने ती खुशाल लावावी, उपाय चांगला आहे. पण एका ग्रॅमच्या जिगवर भोवरकडी म्हणजे नाकापेक्षा मोती जड. तिच्या वजनाने दोऱ्याला मध्येच वाक पडतो आणि हलका दंश रॉडच्या टोकापर्यंत पोहोचतच नाही. शिवाय इतक्या कमी ताणावर ती कडी मुळात फिरतच नाही. जुना आणि खात्रीचा उपाय वेगळाच होता: मासा ओढू लागला की ड्रॅगवर न विसंबता हँडल उलटे फिरवून दोरा द्यायचा, म्हणजे तारेची कमानच उलटी फिरते आणि पिळाचा हिशेब शून्यावर राहतो. त्यासाठी रिळाच्या पोटाशी एक साधा खटका असायचा. अलीकडच्या कितीतरी स्पिनिंग रिळांवरून तो खटका बनवणाऱ्यांनी काढून टाकला आहे. जो भाग पिळावरचा अर्धा इलाज होता तो गाळायचा आणि मग पिळावरचा इलाज म्हणून वेगळ्या जातीचे रीळ विकायला आणायचे, या व्यवहाराला काय म्हणावे हे ज्याचे त्याने ठरवावे.

बरे, एवढे सगळे ऐकून घेऊन इनलाइन उचलावे, तर तेथे पहिलीच ठेच लागते ती गळ खाली सोडताना. स्पिनिंगवर कमान उघडली की दोरा आपोआप सुटत राहतो. इनलाइनवर मात्र गळाच्या वजनाने अख्खा स्पूल फिरावा लागतो, आणि एक ग्रॅमच्या गळात तेवढी ताकद असेलच असे नाही. टंगस्टन शिशापेक्षा बरेच घन असल्यामुळे लहान आकारात पटकन बुडते म्हणून आपण ते कौतुकाने घ्यायचे, आणि वर स्पूल आळसावून बसला की तो गळ आपला हळूहळू, उपकार केल्यासारखा उतरणार. क्रॅपीचा थवा तळ सोडून अधांतरी फिरत असतो, भोकाखालून जाताना तो फार वेळ रेंगाळत नाही, आणि तेवढ्यात आपण स्पूलवरून हाताने वीत-वीत दोरा ओढून काढत असतो. उलट जड चमचा लावला की तोच स्पूल असा सुसाट सुटतो की चमचा तळाला टेकल्यावरही फिरत राहतो आणि दोऱ्याचे घरटे करून ठेवतो. अंगठा कडेवर धरून ठेवला नाही तर पुढचा अर्धा तास गुंता सोडवण्यात जातो, आणि उणे 15 अंशांत हातमोजे काढून गुंता सोडवणे काय असते ते ज्याने केले आहे त्यालाच कळेल.

आता माझा सरळ प्रश्न असा आहे की किती ग्रॅमच्या गळाने हा स्पूल आपण होऊन फिरू लागतो, हा एक आकडा खोक्यावर छापायला काय हरकत आहे? टेबलावर रीळ ठेवायचे, वजने लावत जायचे आणि स्पूल हलला की लिहून घ्यायचे, एवढेच ते काम आहे. त्याऐवजी खोक्यावर काय असते, तर बेअरिंगांची संख्या. जणू बेअरिंगे मोजून गळ खाली जातो. त्या बेअरिंगांत कोणते ग्रीस भरले आहे आणि ते थंडीत किती घट्ट होते यावर सगळे अवलंबून असते, आणि त्याबद्दल एक अक्षर नसते.

दुसरा छापील आकडा म्हणजे गिअरचे प्रमाण, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्याला स्पूल किंवा कमान किती फेरे घेते तो. इनलाइनवर 2.7 ला 1 आणि स्पिनिंगवर 5.2 ला 1 असे काही दिसले की लगेच स्पिनिंग दुप्पट वेगवान असल्याचा निकाल दिला जातो. अहो, पण त्या आकड्याला स्पूलच्या घेराने गुणावे लागते की नाही? समजा, लहान स्पिनिंगच्या स्पूलचा व्यास 35 मिलिमीटर आहे, म्हणजे घेर 11 सेंटिमीटर आणि हँडलच्या एका फेऱ्याला सुमारे 57 सेंटिमीटर दोरा आत येतो. इनलाइनचा काठोकाठ भरलेला स्पूल 60 मिलिमीटरचा असेल, तर एका फेऱ्याला सुमारे 51 सेंटिमीटर. फरक आहे, पण दुपटीचा नव्हे. मात्र तोच इनलाइन स्पूल अर्धवट भरला आणि दोऱ्याची पातळी 45 मिलिमीटरवर आली, तर एका फेऱ्याला जेमतेम 38 सेंटिमीटर मिळतात, आणि लेक ट्राउट या खोल पाण्यातल्या माशासाठी 25 मीटर खोल सोडलेला गळ वर आणायला स्पिनिंगच्या 44 फेऱ्यांऐवजी 66 फेरे घालावे लागतात. म्हणजे इनलाइनचा स्पूल खाली जाड जुना दोरा भरून काठापर्यंत उंच करून घ्या, हा खरा कामाचा सल्ला झाला. तो मात्र शोधून शोधून काढावा लागतो आणि ‘स्लो आहे हो ते’ हा शेरा न मागता मिळतो.

थंडीबद्दल बोलणाऱ्यांची तर आणखीच कमाल आहे. स्पिनिंगमध्ये हँडल उलटे फिरू नये म्हणून जे एकतर्फी बेअरिंग असते, त्यातले ग्रीस घट्ट झाले की ते पकड सोडते आणि मासा लागल्यावर रॉड उचलताक्षणी हँडल मागे फिरते. दोऱ्यासोबत आलेले पाणी कमानीवरच्या छोट्या चाकावर गोठते, चाक अडकते आणि दोरा त्यावरून घासत जातो. इनलाइनमध्ये हे चाकही नाही आणि कमानही नाही, हा त्याचा खराखुरा फायदा आहे, आणि उघड्यावर बसणाऱ्याने तो जरूर मोजावा. पण इनलाइनच्या बाजूने छातीठोक बोलणारे निम्मे लोक उबदार तंबूत, कोट काढून बसलेले असतात, जेथे काहीच गोठत नाही. आणि स्पिनिंग कधीच गोठले नाही असे सांगणारेही त्याच तंबूत असतात. आधी बसायची जागा सांगा आणि मग अनुभव सांगा, एवढी किमान शिस्त पाळायला काय जाते?

इनलाइनच्या ड्रॅगबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. कितीतरी इनलाइन रिळांवर तो नावापुरताच असतो, हिसके देत सुटतो, आणि तीन पौंडांचा ताण सोसणाऱ्या दोऱ्यावर चुकून मोठा मासा लागला तर ओल्या हातमोजाने स्पूलची कड दाबून धरणे एवढाच मार्ग उरतो. ब्लूगिलसाठी याने काही बिघडत नाही. बिघडते ते ‘सर्व प्रकारच्या माशांसाठी उपयुक्त’ असे छापल्यामुळे.

शेवटी सगळ्यांचा एकच निष्कर्ष असतो की दोन्ही घ्या: उथळ पाण्यात हलक्या गळासाठी इनलाइन, खोल पाण्यात जड गळासाठी आणि दोरा पळवणाऱ्या माशासाठी स्पिनिंग. हे आधीच सांगितले असते तर निदान डोके तरी शांत राहिले असते. बरे, दोन्ही घ्यायला निघावे, तर स्पिनिंगचे हँडल डावीकडून उजवीकडे काढून लावता येते, पण अनेक इनलाइन रिळे डाव्या हाताची वेगळी आणि उजव्या हाताची वेगळी येतात, ही गोष्ट खोके फोडल्यावर कळते. आणि आयुष्यभर डाव्या हाताने हँडल फिरवलेल्या माणसाने तक्रार केली, की विकणारा शांतपणे म्हणतो, ‘सवय होते.’