कुठलंही घर पिंजऱ्यापेक्षा बरं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. चिडून लिहिली आहे, पण ती चीड कुत्र्याच्या काळजीपोटी आहे हे कळतं. म्हणून दोन ओळींत उरकण्यापेक्षा सविस्तर उत्तर देते.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. शेल्टरमध्ये, म्हणजे बेघर कुत्र्यांच्या निवाऱ्यात, साधारण सव्वा वर्षाचा एक कुत्रा आहे. एका जागी ठरत नाही म्हणून तिथल्या स्वयंसेवकांनी त्याचं नाव भोवरा ठेवलं. त्याला घर हवंय. भेटायला येणाऱ्याच्या छातीवर तो पाय ठेवतो, पट्ट्याला हिसके देतो, एकटा राहिला की तोंडाला लागेल ते कुरतडतो आणि आनंदाच्या भरात लहान मुलाला सहज पाडू शकतो, हे सगळं मी लिहिलं होतं. भलंमोठं अंगण असलेल्या एका कुटुंबाला आम्ही तो दिला नाही, हेही लिहिलं होतं.

त्यावर तुमचं म्हणणं असं: ही जाहिरात आहे की आरोपपत्र? हे वाचून कोण फिरकेल? अंगणवाल्या घराला नाही म्हणणं हा निव्वळ अहंकार आहे. आदर्श घराच्या नादात कुत्रा पिंजऱ्यात सडतोय, आणि कुठलंही घर पिंजऱ्यापेक्षा बरंच. शेवटची ओळ: एवढं प्रेम असेल तर तुम्हीच का नाही ठेवून घेत?

अंगणापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त राग तुम्हाला त्याचाच आलाय.

धडधाकट, तरणा कुत्रा म्हटलं की सगळ्यांनाच आधी मोकळी जागा आठवते. पण कुत्रा एकटा व्यायाम करत नाही. त्याला अंगणात सोडा आणि दार लावून घ्या. थोडा वेळ तो कोपरे हुंगेल, एखादी चक्कर मारेल आणि मग दारापाशी येऊन बसेल. दार उघडलंच नाही तर कुंपणाच्या कडेने येरझाऱ्या सुरू होतील, येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकणं सुरू होईल, माती उकरली जाईल. लांबून बघणाऱ्याला वाटतं, वा, किती खेळतोय. तो खेळत नसतो, कंटाळलेला असतो. धावपळ त्याला माणसाबरोबर हवी असते: कुणीतरी चेंडू टाकायला, कुणीतरी पट्टा धरून नव्या वाटेने न्यायला, कुणीतरी "शाब्बास" म्हणायला. दोन खोल्यांत राहणारा पण सकाळ-संध्याकाळ नेमाने बाहेर पडणारा माणूस भोवऱ्याला त्या अंगणापेक्षा कितीतरी जास्त देऊ शकतो.

त्या कुटुंबाबद्दल माझ्या मनात काही वाईट नाही. माणसं सरळ होती. रात्री तो कुठे झोपेल आणि दिवसा त्याच्याबरोबर कोण असेल, एवढंच आम्ही विचारलं. उत्तर मिळालं: अंगणातच, साखळीला. राखण करेल, घरात घ्यायचा नाही. खोटं बोलून कुत्रा घेऊन जाणारेही भेटतात, त्यामानाने हे किती प्रामाणिक. पण भोवऱ्याला राखणीला ठेवणं म्हणजे कमाल आहे. चोर आला तर त्याच्याही छातीवर पाय ठेवून हा त्याचं तोंड चाटणार.

आता मुख्य मुद्दा. आम्ही घाबरतो ते कुत्रा परत येईल म्हणून, असं तुम्ही गृहीत धरलंय. तसं नाही. दत्तक देताना आम्ही स्पष्ट सांगतो की जमलं नाही तर कधीही परत आणा, कुणी जाब विचारणार नाही. परत आलेल्या कुत्र्याबरोबर खूप माहितीही येते. मांजराशी जमलं का, रात्री झोपला का, गाडीत घाबरला का, हे पिंजऱ्याबाहेरून कधीच कळलं नसतं. पुढचं घर शोधायला तीच माहिती कामी येते. मला धास्ती आहे ती परत न येणाऱ्या कुत्र्याची. साखळीला बांधलेला कुत्रा कुणाच्या रोजच्या जगण्यात अडथळा आणत नाही. तो सोफा फाडत नाही, बूट पळवत नाही. म्हणून त्याला परत आणावं असं कुणाला वाटतही नाही. भुंकला तर ओरडायचं, पुन्हा विसरायचं. अशी वर्षं जातात. चुकीच्या घरात गेलेला भोवरा चार आठवड्यांत परत आला तर त्याचं पुढे काहीतरी होईल. साखळीला गेलेल्या भोवऱ्याची फाइल मात्र आमच्याकडे "दत्तक गेला" म्हणून बंद झालेली असेल.

पिंजरा वाईट, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. सतत भुंकण्याचा आवाज, अनोळखी वास, बहुतेक वेळ चार भिंती. अमेरिकेतल्या पाच शेल्टरमधल्या कुत्र्यांचा एक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कुत्र्यांना एक-दोन रात्रींसाठी कुणाच्या तरी घरी मुक्कामाला पाठवलं होतं. ताण वाढला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं, ते लघवीतून मोजलं. घरी असताना ते उतरलं आणि शेल्टरमध्ये परतल्यावर पुन्हा पहिल्या पातळीवर गेलं. दोन गोष्टी यात आहेत. घर म्हणजे विश्रांती, हे तुमच्या बाजूचं. आणि परतल्यावर ताण पहिल्यापेक्षा वर गेला नाही, हे माझ्या बाजूचं. "दोन दिवस माया लावायची आणि पुन्हा कोंडायचं, त्यापेक्षा नेऊच नये" असं म्हणणाऱ्यांना मी हाच अभ्यास सांगते.

म्हणजे पिंजरा किंवा साखळी, असा दोघांतून एकच निवडायचा प्रश्न नाही. मधे फॉस्टर आहे: तात्पुरतं घर, आठवड्याचं, महिन्याचं, निदान शनिवार-रविवारचं. याच संशोधकांच्या गटाने पुढे 51 शेल्टरमध्ये काम केलं, ते 2023 मध्ये छापून आलं. नुसतं बाहेर फिरवून आणलेल्या कुत्र्यांना दत्तक घर मिळण्याची शक्यता सुमारे पाचपट आणि काही रात्री घरी राहून आलेल्यांना चौदापट दिसली. चौदा हा आकडा मी जरा सांभाळूनच घेते, कारण बाहेर न्यायला माणसं बहुधा गोड स्वभावाचा कुत्राच निवडत असणार. तरी दिशा स्पष्ट आहे, आणि कारणही सरळ आहे: घरातला फोटो, घरातला व्हिडिओ, आणि "रात्री माझ्या पायाशी झोपला" असं सांगणारा एक माणूस.

भोवऱ्यासारख्याला याची गरज इतरांहून जास्त, कारण शेल्टरमधल्या भेटीत तो हमखास नापास होतो. 2014 च्या एका अभ्यासात बघायला आलेली माणसं आणि पिंजऱ्याबाहेर काढलेला कुत्रा यांच्या भेटींची बारकाईने नोंद केली होती. सरासरी भेट आठ मिनिटांची. कुत्र्याच्या अनेक वागणुकी तपासल्या, त्यातल्या दोनच निर्णयाला लागू पडल्या: माणसाने खेळायला बोलावलं आणि कुत्र्याने दुर्लक्ष केलं तर तो बहुधा राहून जायचा. माणसाजवळ येऊन आडवा झाला तर त्याचं नशीब फळफळायचं. आता भोवऱ्याची आठ मिनिटं डोळ्यांसमोर आणा. दिवसाचा बराचसा भाग कोंडलेला हा प्राणी दार उघडताच पहिली पाच मिनिटं नुसता गरागरा धावतो. त्याला समोर माणूस आहे हे सहाव्या मिनिटाला कळतं.

म्हणून आता कुणी भेटायला येणार असेल तर आधी त्याला बाहेर नेतो. ओढत-पळवत नाही, सैल पट्ट्यावर, त्याला हवं तिथे थांबून मनसोक्त हुंगू देत. तरण्या कुत्र्याला दमवायचं म्हणजे पळवायचं असं लोकांना वाटतं. नुसतं पळवून तो रोज थोडा जास्त दमदार होतो, एवढंच. नाकाला काम मिळालं की डोकं थकतं आणि अंग सैल पडतं. असा फिरून आलेला भोवरा भेटीला येणाऱ्या माणसाशेजारी खरोखर बसतो. ही फसवणूक म्हणाल, तर आम्ही येणाऱ्याला सांगतो: हा आत्ता फिरून आलाय, रोज असं फिरवलंत तर असा दिसेल, नाही फिरवलंत तर लेखातल्यासारखा.

आरोपपत्राचा मुद्दा इथेच येतो. त्या लेखानंतर फोन कमी आले, हे खरं आहे. "गोड, खेळकर, प्रेमळ, घर हवंय" आणि एक डोळे मिचकावणारा फोटो, एवढंच टाकलं असतं तर फोन खणखणत राहिला असता. पण त्या फोनवरच्या माणसाला फोटो आवडलेला असतो. हिसके देतो हे वाचून फोन करणारा माणूस वेगळं विचारतो: हार्नेस (गळ्याऐवजी छातीभोवती बांधायचा पट्टा) घालू देतो का? खाऊ दाखवला तर लक्ष देतो का? एकटं राहायची सवय किती वेळापासून सुरू करू? अशा माणसाशी बोलायला मला वेळ हवा असतो, आणि कमी फोनांमुळे तो मिळतो. भोवऱ्याच्या ज्या गोष्टी तुम्हाला दोष वाटल्या, त्यातल्या निम्म्या रोज पळायला जाणाऱ्याला किंवा घरात पंधरा-सोळा वर्षांची दोन मुलं असणाऱ्याला सोयीच्या वाटतील.

आणखी एक. त्याच्या वयाकडे दुर्लक्ष करू नका. अंधांना वाट दाखवण्यासाठी तयार होणाऱ्या कुत्र्यांवर ब्रिटनमधल्या संशोधकांनी 2020 मध्ये एक मजेशीर निष्कर्ष मांडला. पाच महिन्यांचा असताना "बस" म्हटल्यावर मालकाचं ऐकणारा कुत्रा आठ महिन्यांचा झाला की मालकाचंच कमी ऐकतो. परक्या माणसाने सांगितलं तर मात्र तशी घट दिसली नाही. ज्यांच्या घरात वयात आलेलं मूल आहे त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. नेमक्या याच वयात कुत्रा बिघडला असं वाटून लोक त्याला शेल्टरला आणून सोडतात. "मोठा झाला की आपोआप शांत होईल" असं मात्र मी कुणाला सांगत नाही. वय वाढून धसमुसळेपणा उतरतो, पण या वर्षात लागलेल्या सवयी राहतात. अंगावर उडी मारल्यावर दोन्ही हातांनी ढकललं आणि ओरडलं, तर त्याच्या लेखी तो खेळच. पाठ फिरवायची, आणि चारही पाय जमिनीवर टेकले की त्याच क्षणी कौतुक करायचं. घरातल्या सगळ्यांनी तेच करायचं. एकाने जरी "येऊ दे रे अंगावर" म्हटलं की सगळं मुसळ केरात.

अहंकाराबद्दल थोडंच. दत्तक द्यायच्या अटी काही ठिकाणी हास्यास्पद असतात, याच्याशी मी सहमत आहे. स्वतःचं घर हवं, कुंपण हवं, नोकरी नको, आधी कुत्रा पाळलेला हवा. इतकं सगळं असलेला माणूस बहुधा कुत्र्याच्या शोधात नसतोच. आम्ही यातलं काही मागत नाही. भाड्याचं घर असेल तर घरमालकाची परवानगी, आणि कुत्रा माणसांबरोबर घरात राहील हे वचन. बाकी बोलून ठरतं. पहिल्यांदाच कुत्रा घेणाऱ्यांनाही कुत्रे दिले आहेत. त्यांना फक्त सांगतो की पहिल्या रात्रीवरून निर्णय घेऊ नका. तीन दिवस बावरलेला, तीन आठवड्यांत रुळायला लागलेला, तीन महिन्यांत घरचा, असा एक ढोबळ आडाखा शेल्टरवाल्यांमध्ये चालतो. शास्त्र नव्हे, पण माणसं धीर धरतात.

आणि मी का ठेवून घेत नाही? माझ्या घरी एक म्हातारी कुत्री आहे. सांधे आखडलेले, दिवसभर झोप, आणि अंगावरून कुणी उडी मारली तर सहन न होणारी. भोवऱ्याशी तिची भेट करून पाहिली. ती गुरगुरली, त्याला ते खेळाचं आमंत्रण वाटलं. तिच्या उरलेल्या दिवसांत तिला रोज हे सोसायला लावणं मला जमणार नाही. शिवाय फॉस्टर करणाऱ्याने प्रत्येक वेळी कुत्रा ठेवूनच घेतला तर लवकरच घरात जागा उरत नाही आणि पुढच्याला मुक्कामाला नेणारं कुणी राहत नाही.

तुमच्या प्रतिक्रियेत एक वाक्य ओझरतं आलंय, की तुमच्याकडे बरीच वर्षं कुत्रा होता आणि आता घर रिकामं आहे. दत्तक घ्या असं म्हणत नाही. येत्या शनिवारी त्याला घेऊन जा, रविवारी संध्याकाळी आणून सोडा. हार्नेस, पट्टा, त्याचं खाणं सगळं शेल्टर देईल, काही अडलं तर रात्री कधीही फोन करा. तुम्ही फक्त टीव्हीचा रिमोट आणि चपला उंचावर ठेवा.