ठाण्याचा किल्ला महाराजांनी बांधलेला नाही

परवा रात्री भाचीचा फोन आला. सातवीत आहे. शाळेत ‘माझं शहर’ असा प्रकल्प दिलाय आणि तिने ठाण्याचा तुरुंग निवडलाय. “मामा, ऐक हं,” म्हणून तिने सगळ्या ग्रुपांवर फिरणारा तो मेसेज वाचून दाखवला. ठाण्याचा किल्ला शिवाजी महाराजांनी बांधला, तिथून वसईपर्यंत भुयार आहे, त्र्यंबकजी डेंगळे त्याच भुयारातून निसटले, रेल्वे आल्यावर इंग्रजांनी किल्ल्याचा तुरुंग केला आणि चाफेकर बंधूंना तिथेच फाशी दिली. चार्टवर रंगीत पेनांनी सगळं उतरवूनही झालं होतं.

महाराज गेले १६८० साली. हा किल्ला बांधायला घेतला पोर्तुगीजांनी, १७३० च्या सुमारास. मधे पन्नास वर्षं आहेत. १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर उघडा, त्यात सरळ लिहिलंय. पंचकोनी आखणी, कोपऱ्याकोपऱ्याला पुढे आलेले बुरूज, ही तोफांच्या लढाईसाठी युरोपात रुळलेली रचना. महाराजांचं काम दाखवायचं तर कल्याणला न्या मुलांना. १६५७ मध्ये कल्याण घेतल्यावर तिथल्या खाडीत त्यांनी गलबतं बांधायला घेतली, तिथे दुर्गाडी आहे.

किल्ला मराठ्यांचा होता, एवढं मात्र खरं. १७३७ ते १७७४, सदतीस वर्षं. आणि मला राग येतो तो इथेच. पोर्तुगीजांच्या जाचाला विटलेल्या साष्टी बेटावरच्या (ठाणंही त्यावरच) लोकांची बाजू घेऊन अंजूरचे गंगाजी नाईक पेशव्यांकडे खेटे घालत राहिले. मग चिमाजी आप्पांची फौज खाली उतरली आणि किल्ल्याचं काम अर्धवट असतानाच मराठ्यांनी तो घेतला. पुढे दोन वर्षांनी, १७३९ च्या मे महिन्यात, वसई पडली. २८ डिसेंबर १७७४ ला इंग्रजांनी हल्ला करून किल्ला काबीज केला, तेव्हा आतली बहुतेक मराठी शिबंदी कापली गेली. महाराजांच्या नावावर किल्ला लावला की ही सगळी माणसं पुसली जातात. महाराजांची थोरवी त्याने तसूभरही वाढत नाही.

भुयाराबद्दल फार लिहीत नाही. ठाण्याहून वसई सरळ रेषेत वीस किलोमीटरांहून लांब, आणि मधे खाडी. खाडीच्या तळाखालून ते कोणी आणि कशाने खोदलं, हे मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

त्र्यंबकजी निसटले हे खरं, १२ सप्टेंबर १८१६ ला. पण ते भिंतीला भोक पाडून. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खून प्रकरणात दुसऱ्या बाजीराव पेशव्याने आपल्या या कारभाऱ्याला इंग्रजांच्या हवाली केलं होतं. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई ठेवलेले. एका इंग्रज अधिकाऱ्याकडे नोकरीला असलेला मराठी मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा, त्यांच्या खिडकीखालून येता-जाता गाणी म्हणायचा. निरोप त्या गाण्यांतच असायचा. गोऱ्यांना मराठी कळत नव्हतं, म्हणून बेत तडीस गेला. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने हे नोंदवलंय. अशी खरी गोष्ट हाताशी असताना भुयार कशाला लागतं, मला खरंच समजत नाही.

रेल्वेचं तर साधं गणित आहे. पहिली गाडी ठाण्याला आली १६ एप्रिल १८५३ ला. त्र्यंबकजी या किल्ल्यात कैदेत होते त्याच्या सदतीस वर्षं आधी.

राहिली फाशी. ही चूक मला सगळ्यात जास्त लागली. चाफेकर बंधूंना फाशी झाली पुण्यात, येरवड्याला. ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे. नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनच्या वधासाठी, १९ एप्रिल १९१० ला. अनंत कान्हेरे तेव्हा विशीतही नव्हते. कोर्ट नाक्यावरून कळव्याच्या पुलाकडे जाताना आपण रोज या भिंतींजवळून जातो. आत कोणी प्राण दिला ते नाव तरी बरोबर घ्यायला हवं.

भाची थोडी हिरमुसली, मग तिने नवा कार्डशीट घेतला. मधोमध तीन नावं लिहिलीत, मोतद्दाराचं चित्र काढायचं बाकी आहे. ज्यांनी ज्यांनी तो मेसेज पुढे ढकललाय, त्यांनी त्याच ग्रुपवर ही दुरुस्ती टाकावी. मुलांचे प्रकल्प शाळेत जमा व्हायच्या आत.