आधी समुपदेशन, मग थेरपी : ही पायरी कुणी बांधली?

गेल्या आठवड्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच मजकूर तीनदा येऊन गेला. सारांश असा : समुपदेशन साध्या टेन्शनसाठी, थेरपी मानसिक आजारासाठी. समुपदेशनात सल्ला मिळतो. थेरपीत गोळ्या सुरू होतात नि मग सुटत नाहीत. म्हणून आधी समुपदेशन करून पाहा, गुण नाही आला तर थेरपी. आणि घरात मन मोकळं करायला माणूस असेल, तर दोन्हींवर पैसे घालवू नका.

मी ठाण्यातल्या शाळांमध्ये बारा वर्षं समुपदेशक आहे. त्या मजकुराखाली हात जोडणाऱ्यांत मुलांना माझ्याकडे घेऊन येणारे दोन पालकही दिसले, म्हणून लिहायला बसले.

‘साधं टेन्शन’ आणि ‘आजार’ ही वाटणी. यात थोडं तथ्य आहे. परीक्षा, करिअर, नवरा-बायकोची धुसफूस, घरातला मृत्यू असा एखादा नेमका प्रश्न घेऊन थोड्या भेटींत काम करायचं, त्याला आपल्याकडे समुपदेशन म्हणतात. जुन्या, मुरलेल्या त्रासावरच्या कामाला थेरपी. पण मध्ये भिंत नाही. अमेरिकेत एके काळी ‘सायकोथेरपी’ हे डॉक्टरांचं राखीव कुरण मानलं जाई. कार्ल रॉजर्स डॉक्टर नव्हते, मानसशास्त्रज्ञ होते. १९४२ साली त्यांनी आपल्या पुस्तकाच्या नावातच ‘काउन्सेलिंग’ आणि ‘सायकोथेरपी’ हे दोन्ही शब्द शेजारी-शेजारी ठेवले. त्रास किती मोठा यापेक्षा कुणाची हद्द कुठे, यावरूनच ही रेघ बरीचशी पडलेली आहे.

मजकुरातला खरा डंख मात्र ‘आजार’ या शब्दात आहे. ‘याला ठाण्याला पाठवा’ हा टोमणा मुंबईकरांनी पिढ्यान्‌पिढ्या मारला; इथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं. आम्ही ठाणेकरही त्यावर हसत आलो. त्याच रुग्णालयाच्या ओपीडीत झोप न लागणारे, छातीत धडधडणारे, दारू सोडू पाहणारे लोक केसपेपर काढून बसतात आणि संध्याकाळी घरी जाऊन कुकर लावतात.

समुपदेशनात सल्ला, थेरपीत गोळ्या. दोन्ही चूक. सल्लाच हवा तर सोसायटीच्या कट्ट्यावर फुकट मिळतो. आमचं निम्मं काम तो न देण्याचं असतं. आणि गोळ्या लिहिणार मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचार शिकलेला डॉक्टर. मानसशास्त्रज्ञ थेरपी करतो, औषध लिहीत नाही. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि त्या एकदम तोडायच्या नसतात, डॉक्टर हळूहळू कमी करतात. यालाच लोक ‘सुटत नाहीत’ म्हणतात. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागू शकते, हे खरं. त्या डॉक्टरला विचारल्याशिवाय चालू ठेवू नयेत.

आता ती पायरी. मला सगळ्यात राग हिचा आहे.

नववीतला एक मुलगा (ओळखीचे तपशील बदललेत) दिवसातून तीस-चाळीस वेळा हात धुवायचा. साबणाने बोटं फुटलेली. दर वेळी आईला विचारायचा, ‘झाले ना गं स्वच्छ?’ आई म्हणायची, ‘झाले रे राजा.’ क्षणभर बरं वाटायचं, पाच मिनिटांत पुन्हा नळ. ‘आधी समुपदेशन’ म्हणून त्यांनी एका ठिकाणी आठ महिने घालवले. तिथेही प्रेमाने हेच : काळजी करू नकोस, हात स्वच्छ आहेत. मंत्रचळात, म्हणजे ओसीडीत, असा दिलासा आगीत तेल ओततो. विचारलं की बरं वाटतं, म्हणून पुन्हा विचारावंसं वाटतं. तिथे वेगळी रीत लागते. घाण वाटणाऱ्या वस्तूला हात लावायचा, न धुता थांबायचं, भीती आपोआप ओसरते हे अनुभवायचं, आणि आईने उत्तर द्यायचं बंद करायचं. हे प्रशिक्षण घेतलेल्या माणसानेच करावं. मला ते येत नाही, म्हणून मी त्याला पहिल्याच भेटीत पुढे पाठवलं.

कानात आवाज येणं, चार रात्री झोप नसूनही अंगात प्रचंड उत्साह, असं काही असेल तर आमच्यापैकी कुणाकडेच आधी येऊ नका. थेट मनोविकारतज्ज्ञ गाठा. नुसतं मरगळलेलं वाटत असेल तर थायरॉइडही तपासा, कारण तो मंदावला की चेहरा थेट नैराश्याचा दिसतो. आणि मरणाची भाषा निघाली, तर समुपदेशन की थेरपी हा खल करत बसायचं नाही. त्या माणसाला एकटं सोडू नका, जवळचं रुग्णालय गाठा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास फुकट आहे, मराठीतही बोलतात.

घरातल्या माणसाशी बोलावं, जरूर बोलावं. पण त्या नळाशी उभी आईच होती, आणि तिच्याइतकी माया कुणाला असणार?

मजकुरात नसलेली गोष्ट ही, की पाटीवर ‘थेरपिस्ट’ किंवा ‘समुपदेशक’ लिहिलंय, एवढ्यावरून शिक्षण कळत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची, म्हणजे मानसिक त्रासांवर उपचार करायला शिकलेल्या मानसशास्त्रज्ञाची, नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, १९९२च्या कायद्याने. नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका. भेट ठरवण्याआधी फोनवरच विचारा : शिक्षण काय, या त्रासावर आधी काम केलंय का, कोणत्या पद्धतीने, साधारण किती भेटी, आणि जमलं नाही तर कुणाकडे पाठवाल? शेवटच्या प्रश्नावर समोरचा चिडला, तर फोन ठेवा आणि दुसरा नंबर लावा.